बालेकिल्ला म्हणे!

आज सकाळी दूध आणायला तिठ्यावर गेलो तर एक पोरगा शिडी लावून बॅनर बांधत होता. नेहमीचेच हात जोडलेले चेहरे, खाली डझनभर शुभेच्छुक आणि मधोमध हातभर अक्षरांत ‘आमचा परंपरागत बालेकिल्ला’. वर मलाच विचारतो, “काका, सरळ लागलो काय बघा.” “वाकडो हा,” म्हटलं आणि तडक घरी आलो. बॅनर सरळच होता. दूध मात्र राहिलं, बायकोने कोरा चहा पुढ्यात आदळला.

पक्ष कुठला ते विचारू नका. चारही पक्षांनी तो शब्द वापरून झालाय.

परंपरा कसली रे? २००९ च्या आधी रत्नागिरी-सिंधुदुर्ग नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता. राजापूर होता. २००९ ला काँग्रेसचे निलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत, २०२४ ला भाजपचे नारायण राणे, तेही साधारण ४८ हजारांच्या फरकाने. चार निवडणुकांत तीन पक्ष. ह्याला किल्ला म्हणत नाहीत, एसटी स्टँड म्हणतात.

आमच्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. १९८४ च्या डिसेंबरात, मतदानाच्या आदल्या रात्री, तिने मला चुलीतला कोळसा दिला आणि पडवीच्या जमिनीवर निशाणी काढायला सांगितली. मी चौदा वर्षांचा. जनता पक्षाचं चक्र आणि त्यात नांगर घेतलेला शेतकरी. चक्र जमलं, शेतकरी काही जमेना. आजी वाकून बघते आणि म्हणते, “ह्यो नांगर हा की इंचू?” मग स्वतःशीच, “झोपडी किती बरी होती. झोपडी खंय गेली रे?”

झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी. झोपडी म्हणजे नाथ पै. आजीच्या तोंडी नुसतं ‘नाथ’, घरातल्या कर्त्या मुलासारखं. वेंगुर्ल्याचा हा बॅरिस्टर १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत निवडून गेला हे खरं, पण लाट ओसरल्यावर १९६२ ला आणि १९६७ लाही गेलाच. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात नाथ गेले, वय अठ्ठेचाळीस. त्या दिवशी आमच्या वाडीत चूल पेटली नाही असं आजी सांगायची. (ती थोडं फुगवून सांगायची, ते सोडा.)

आणि दोनच महिन्यांत निवडणूक. देशभर इंदिराबाईंची लाट, महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसला. तेव्हा आपल्या अडाणी, मनीऑर्डरवर जगणाऱ्या आज्यांनी कोणाला निवडून दिलं? अहमदनगरच्या माणसाला. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मधु दंडवत्यांना. ना आपल्या गावचा, ना भावकीतला. प्रजा समाजवादीचे अख्ख्या देशात दोन खासदार आले, त्यातला एक आपला! १९७१, ७७, ८०, ८४, ८९. पाच वेळा. आज पंचायतीला उमेदवार उभा राहिला तरी आधी ‘कुळीचो कोण, घर खंय?’ विचारतो आपण.

मान्य, मान्य. भाषणांनी पोट भरत नाही. त्या चौतीस वर्षांत पोरं बोटीने नाहीतर एसटीने मुंबईलाच गेली, माझे दोन्ही काका गेले. समाजवाद्यांनी इथे कारखाने काढले नाहीत हे मला माझा मेहुणा दर गणपतीत ऐकवतो. ऐकवू दे. १९७७ ला हाच प्रोफेसर रेल्वेमंत्री झाला आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या. तुम्ही आज त्यावर घोरत मुंबईला जाता ना? मग!

आणि त्याआधीची दीडेक वर्षं हा माणूस आणीबाणीत बंगलोरच्या तुरुंगात होता, बायको प्रमिलाताई येरवड्याला. दोघं एकमेकांना पत्रं लिहायची. त्या पत्रांचा विचार आला की माझा राग जरा उतरतो. बॅनरवर एवढं कोणाचं लिहिता येईल सांगा.

१९८४ ची लाट तर आणखी मोठी. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेस. आपल्याकडे पुन्हा दंडवते. आजी मत देऊन आली ती बोटावरची शाई पदरात लपवून, धुऊन जाईल म्हणून दोन दिवस भांड्यांना हात लावला नाही. माझ्या इंचवावर शिक्का बरोबर बसला ह्याचा तिला कोण अभिमान! पडवी सारवायला आली तरी तेवढा तुकडा तिने चार दिवस सोडून सारवला.

सुरेश प्रभूंचं नाव घेतलं नाही तर काही मित्र खाली येऊन भांडतील. घेतो. १९९६ ते २००४ सलग चार वेळा शिवसेनेकडून, हुशार माणूस, सी. ए. पुढे तेही रेल्वेमंत्री झाले, पण तोवर आपण त्यांना २००९ ला पाडलं होतं आणि ते हरियाणातून राज्यसभेवर गेले. एका मतदारसंघाने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले आणि आपली लाइन अजून बरीचशी एकेरी. क्रॉसिंगला थांबलं की हे आठवतं.

आता ती गोष्ट सांगतो जी घरात कोणाला सांगितली नाही.

१९९०. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं. शंभर वर्षं नुसत्या गजाली चालल्या होत्या त्या रेल्वेचं काम खरोखर सुरू झालं. आणि वर्षभराच्या आत, १९९१ ला, आपण दंडवत्यांना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. लोक म्हणतात राजीव गांधींची हत्या, लोक म्हणतात मंडल, लोक म्हणतात सेनेने मतं खाल्ली. असेल.

माझं ते पहिलंच लोकसभेचं मत. एकवीस वर्षांचा, कॉलेज संपलेलं, नोकरी नाही, नाक्यावर नवे मित्र. म्हातारा मास्तर अजून किती वर्षं, असं आम्ही बोलायचो. निशाणी आता नुसतं चक्र झाली होती, आजीला काढून दाखवायचीही गरज उरली नव्हती. तिचा हात धरून केंद्रावर नेलं. आत गेलो आणि शिक्का दुसरीकडे मारला. कुठे ते नाही सांगणार.

परत येताना तिने विचारलं, “चक्रार मारलंस मां?”

“होय गे,” म्हटलं.

निकाल रेडिओवर ऐकला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग कंदिलाची वात खाली करत म्हणाली, “आमच्या घरातली दोनय मतां फुकट गेली.”

रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली. आजी ९५ लाच गेली.