‘परखड’ यांच्या कमेंटला उत्तर (लांबलंय, सांभाळून घ्या)

परखड साहेब (साहेबच असणार, ‘ताई’ म्हणण्याच्या सुरावरून तरी तसं वाटलं), तुमच्या कमेंटखाली उत्तर लिहायला घेतलं ते मावेना, म्हणून वेगळी पोस्ट टाकतेय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की राज्यातली काही जिल्हा रुग्णालयं आणि महापालिकांची आरोग्य खाती यांना माहिती अधिकारात अर्ज टाकून गुप्तरोगांच्या सेवांबद्दल विचारलं: सुरक्षा क्लिनिक (सरकारी रुग्णालयातलं गुप्तरोगांचं क्लिनिक) चालू आहे का, डॉक्टर कुठल्या वारी बसतात, समुपदेशकाची जागा भरलीय का, औषधांची किट शिल्लक आहेत का, गरोदर बायकांची सिफिलिसची तपासणी होते का. त्यावर यांची कमेंट: “घरी बसून अर्ज टाकायचे आणि खात्याने लिहून दिलं ते छापायचं, याला सर्वेक्षण म्हणत नाहीत. खातं स्वतःला नापास करेल का? बाहेर पडा ताई, जरा जग बघा. पेशंट जातात खासगीत नाहीतर थेट मेडिकलवर, त्यांचं काय? ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांचं काय? एनजीओवाल्यांची हीच तऱ्हा.”

आधी जे मान्य आहे ते मान्य करते. पोस्टमधला तक्ता मोबाईलवर दिसत नव्हता, शेवटचे दोन कॉलम कापले जात होते. बरोबर आहे, तुमचा आभारी आहे, दुरुस्त करून टाकलाय.

आता ‘घरी बसून’. हे दोन शब्द लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल? मला माहीत नाही तुम्ही कधी माहिती अधिकाराचा अर्ज केलाय का, पण केला असता तर हे लिहिलं नसतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवस वाट बघायची, मग पत्र येतं की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसून कलम 6(3) अन्वये आपला अर्ज अमुक कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे, मग ते अमुक कार्यालय सांगतं की ही माहिती तमुककडे, आणि तमुक म्हणजे बहुतेक वेळा पहिलंच कार्यालय. मग अपील. मग अपिलाची सुनावणी, तिथे जायचं असतं, तारीख मिळते ती कामाच्या दिवशी मिळते. हे सगळं घरी बसून होत नाही हो.

आणि जग बघायचंच म्हणाल तर मी स्वतः सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक होते, कंत्राटी, कितीतरी वर्षं. कुठलं रुग्णालय ते सांगत नाही. आमची खोली म्हणजे त्वचारोग ओपीडीच्या मागची अर्धी खोली, मधे हिरवा पडदा, पडद्याच्या पलीकडे ड्रेसिंगची रांग. आत बसलेल्या माणसाला “जोडीदाराला कधी घेऊन येता?” असं विचारायचं तर आवाज किती खाली आणावा लागतो हे मला कमेंटमधून कोणी शिकवायची गरज नाही. एका बाईने मला पूर्ण वीस मिनिटं नुसतं अंगावरून पांढरं जातं एवढंच सांगितलं आणि उठता उठता, दाराशी, नवऱ्याच्या फोडांबद्दल सांगितलं. त्याच खोलीतून दर महिन्याला रिपोर्ट जायचा, तो मी भरायचे. तेव्हा खातं फॉर्म कसा भरतं हे मला जरा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असावं, असं नम्रपणे (बरंच नम्रपणे) वाटतं.

म्हणूनच ‘खातं स्वतःला नापास करेल का’ या वाक्याचा राग येतो, कारण हो, करतं. तुम्ही कसं विचारता त्यावर आहे. “आपल्याकडे गुप्तरोगांवर उपचार उपलब्ध आहेत का?” असं विचारलंत तर सगळीकडून ‘होय’ येईल, तो प्रश्नच बावळट. मी किट 3 बद्दल विचारलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) सात रंगांची औषधांची किट असतात, करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं, लक्षणं बघून किट द्यायचं. पांढरं म्हणजे किट 3, जननेंद्रियावर जखम असेल (नागिणीसारखे बारीक फोड नव्हे, त्याला लाल) तर हे. त्यात बेन्झाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन असतं. ज्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी त्याला निळं, किट 4, त्यात डॉक्सिसायक्लिन. आता गंमत अशी की पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन येईल या भीतीने कितीतरी डॉक्टर इंजेक्शन देतच नाहीत, अ‍ॅलर्जी असो नसो सरळ निळं हातात ठेवतात. पण सिफिलिस असलेल्या गरोदर बाईला डॉक्सी चालत नाही, तिला आणि पोटातल्या बाळाला पेनिसिलिनच लागतं, दुसरा भरवशाचा पर्याय नाही.

म्हणून मी दोन वेगळे प्रश्न टाकले. किट 3 साठ्यात आहे का? आणि मागच्या तिमाहीत किट 3 आणि किट 4 प्रत्येकी किती वाटली? एका ठिकाणाहून पहिल्याला ‘होय, पुरेसा साठा’ आणि दुसऱ्यात किट 3 समोर ‘निरंक’, किट 4 समोर आकडा. सही, शिक्का, जावक क्रमांक सगळं. हे खात्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. पेशंटला विचारून हे कळलं असतं? पेशंटला किटचा रंग लक्षात राहतो फार तर, आणि ज्याला इंजेक्शन मिळालं नाही त्याला मिळायला हवं होतं हे कुठून माहीत असणार!

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत 2013-14 च्या सुमाराला तिथल्या स्थानिक आरोग्य खात्यांना हेच विचारलं गेलं, तुमच्या एसटीडी (म्हणजे गुप्तरोगांच्या) सेवांचं काय चाललंय, पैसे कापले का, मग काय बंद केलं. आणि खात्यांनी लिहून दिलं की क्लिनिकचे तास कमी केले, नेहमीच्या तपासण्या कमी केल्या. स्वतःच सांगितलं, कोणी धाड टाकली नव्हती. त्याच अमेरिकेत 2022 साली जन्मतः सिफिलिस असलेल्या बाळांचा आकडा 3,700 च्या वर गेला, दहा वर्षांपूर्वीच्या दहापट. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध मी लावत नाहीये, लगेच कमेंट टाकू नका. एवढंच म्हणतेय की तास कमी झाल्याचं कागदावर होतं, कोणीतरी विचारलं म्हणून होतं.

खासगी डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांचा मुद्दा, तो वेगळा विषय आहे. त्यांना माहिती अधिकार लागू नाही, तुम्हाला तिथे सर्वेक्षण करायचं असेल तर जरूर करा. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचं काय म्हणता, तर ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांनी उत्तर दिलं नाही, मी काय करू, अपिलं चालू आहेत.

राहता राहिलं ‘एनजीओवाले’. मी कुठल्याही संस्थेत नाही, स्टॅम्पचे पैसे माझे आहेत. तुमची कमेंट उडवणार नाही, तशीच राहू दे. पण पुढच्या वेळी ‘ताई’ म्हणून टोमणा मारायचा असेल तर स्वतःच्या खऱ्या नावाने मारा, मग त्या खासगी डॉक्टरांच्या मुद्द्यावरही बोलू.