नासाचा 'हरवलेला दिवस' आणि माझी श्रद्धा

परवा आमच्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. नासाचे शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर ग्रहांच्या जुन्या जागा काढत होते, हिशेबात एक दिवस कमी भरला, मशीन अडलं. मग कुणीतरी बायबल उघडून यहोशवाच्या पुस्तकातला दहावा अध्याय दाखवला, जिथे सूर्य गिबोनावर थांबतो, आणि हिशेब जुळला. २३ तास २० मिनिटं यहोशवाची, उरलेली ४० मिनिटं हिज्कीया राजाच्या वेळी मागे सरकलेल्या सावलीची. खाली दहा-बारा जोडलेले हात आणि तेवढेच 'आमेन'.

मी लिहिलं, हे खरं नाही. ही गोष्ट १९६० च्या दशकापासून अमेरिकेत फिरतेय आणि नासाने ती केव्हाच नाकारलीय. मुळात असा दिवस कॉम्प्युटरला सापडणारच नाही. तो आजच्या जागेवरून मागे मोजत जातो. मध्ये एखादा दिवस लांबला होता का, हे कळायला त्या दिवसाआधीची कुणीतरी करून ठेवलेली नोंद हाताशी लागते. घड्याळाचे काटे उलटे फिरवत नेले म्हणून ते मधल्या रात्री बंद पडलं होतं का, हे थोडंच कळतं!

त्यावर ग्रुपमधल्या एका काकांनी लिहिलं, "मास्तर, विज्ञान शिकवून शिकवून तुमची श्रद्धा आटली वाटतं." या काकांचं बोट धरून मी लहानपणी पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलोय. दोन दिवस ते वाक्य मनातून जाईना. म्हणून हे लिहितोय. काकांशी भांडायला नाही. वसईतला एक ख्रिस्ती माणूस, तेवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारा आणि रविवारी न चुकता चर्चमध्ये जाणारा, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा बाळगतो ते सांगायला.

आधी त्या यहोशवाच्या वचनाबद्दल. हेच वचन चारशे वर्षांपूर्वी गॅलिलिओच्या विरोधात वापरलं गेलं होतं. यहोशवाने सूर्याला थांबायला सांगितलं, म्हणजे फिरतो तो सूर्यच, पृथ्वी नव्हे, असा युक्तिवाद. गॅलिलिओ स्वतः श्रद्धावान कॅथलिक. त्याने १६१३ साली आपल्या शिष्याला, कास्तेल्ली नावाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाला, लांबलचक पत्र लिहून या वचनाचाच ऊहापोह केला. पवित्र शास्त्र चुकत नाही, पण त्याचा अर्थ लावणारे चुकू शकतात, असं त्याचं म्हणणं. १६३३ साली चर्चने त्याला गुडघ्यावर बसवून त्याचं मत मागे घ्यायला लावलं आणि उरलेलं आयुष्य घरकैदेत ठेवलं. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली. चूक आमची होती. ती सांगताना मी आवाज बारीक करत नाही, वर्गात तर मुळीच नाही.

तेव्हा त्या वचनाने विज्ञानाला गप्प करायचं होतं. आता त्याच वचनावर विज्ञानाचा शिक्का मारून हवाय. मला या दोन्हींत एकच चूक दिसते. इस्राएलाच्या लढाईच्या त्या कथेकडून आपण खगोलशास्त्राच्या पुस्तकाचं काम करून घेऊ पाहतो. आणि हे म्हणणारा मी काही पहिला नाही. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिलं, त्यात ते कळवळून सांगतात: आकाश, तारे, ग्रहणं यांचं ज्ञान ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही असतं. पवित्र शास्त्राचा हवाला देऊन आपण त्याच्यापुढे काहीबाही बोललो, तर तो हसेल. आणि ज्या गोष्टी त्याला स्वतःला पडताळता येतात त्यांत आपलं पुस्तक चुकतं असं त्याला दिसलं, तर मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल त्याने आपलं का ऐकावं? आमच्या ग्रुपवर नववी-दहावीची मुलं आहेत. नासाची गोष्ट खोटी आहे हे त्यांना मोबाइलवर अर्ध्या मिनिटात कळतं. मग त्याच ग्रुपवर शुभवर्तमानातली ओळ येते तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल, याची मला धास्ती वाटते.

मी स्वतः या वयात चांगलाच अडकलो होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला सांगितलं होतं की विज्ञानाने आता महास्फोट सिद्ध केलाय, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे देव आहे. मी खूश. आणि त्याच वर्षी वाचनालयातून जयंत नारळीकरांचे लेख वाचायला लागलो. त्या काळात मराठी शाळेत शिकणाऱ्या, विज्ञानाची गोडी लागलेल्या कुठल्या मुलाने नारळीकर वाचले नाहीत? आणि नारळीकर तर महास्फोट मानायला तयार नव्हते! केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. त्यांनी बाँडी आणि गोल्ड यांच्याबरोबर १९४८ साली स्थिर स्थिती सिद्धांत मांडला होता: विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि त्यात नवं द्रव्य सतत निर्माण होत राहतं. 'बिग बँग' हे नावसुद्धा हॉइल यांनीच १९४९ साली बीबीसी रेडिओवरच्या भाषणात दिलं, त्या कल्पनेला विरोध करताना.

पंधरा वर्षांच्या मला रात्र रात्र झोप येत नसे. नारळीकर बरोबर निघाले तर देव नाही? माझ्या आईची रोजची संध्याकाळची रोजरी, तिची जपमाळ, एका दुर्बिणीच्या निकालावर टांगलेली? कुणाला विचारायची हिंमत नव्हती. आज वाटतं, त्या वयात मला कुणीतरी जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल सांगायला हवं होतं.

लमेत्र बेल्जियमचे, जन्म १८९४. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, १९२३ साली धर्मगुरू झाले आणि लगोलग केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. १९२७ साली त्यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं की विश्व प्रसरण पावतंय. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये आइन्स्टाइन भेटले आणि म्हणाले की तुमचं गणित बरोबर आहे, पण तुमचं भौतिकशास्त्र भयंकर आहे. १९३१ साली लमेत्र यांनी 'नेचर'मध्ये एक छोटंसं पत्र छापलं. सगळं विश्व एका आद्य अणूतून सुरू झालं असावं, ही कल्पना त्यात आहे. महास्फोटाची पहिली मांडणी ती हीच. म्हणजे हा सिद्धांत ज्याने मांडला तो रोज मिस्सा अर्पण करणारा फादर. हॉइलसारख्यांना त्यात धर्माचा वास येत होता तो उगीच नव्हे.

त्या पत्राच्या टंकलिखित प्रतीत शेवटी आणखी एक परिच्छेद होता. त्यात लमेत्र म्हणतात की देव मुळातच गूढ आहे, लपलेला आहे, आणि आजचं भौतिकशास्त्र त्या निर्मितीवर जणू पडदाच धरतं, याचा श्रद्धावानाला आनंदच होईल. छापायला देण्याआधी त्यांनी तो परिच्छेद खोडला.

त्या खोडलेल्या परिच्छेदाचा मी फार विचार केलाय. लपलेला देव ही कल्पना त्यांनी यशयाच्या पुस्तकातून घेतलेली, मनापासून मानलेली. पण शास्त्रीय नियतकालिकात ती त्यांनी ठेवली नाही. समीकरणांना हा मजकूर पेलायला लावणं त्यांना पटलं नसावं, असं मला वाटतं.

पुढची गोष्ट त्याहून मोठी. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. 'प्रकाश होवो' या आरंभीच्या शब्दाची आता विज्ञानही साक्ष देतंय, असा त्याचा सूर होता. आमच्या धर्मशिक्षणाच्या बाई जे सांगत होत्या तेच, फक्त पोपच्या तोंडून. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता, नाही का? ते अस्वस्थ झाले. रोममध्ये त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनल यांची गाठ घेतली आणि आपलं म्हणणं वरपर्यंत पोचवलं. पुढच्या वर्षी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले, पोप त्यांच्यासमोर बोलले, पण महास्फोट म्हणजे देवाच्या निर्मितीचा पुरावा हा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही. १९५८ साली लमेत्र यांनी उघडच सांगितलं की आपला सिद्धांत अध्यात्माच्या आणि धर्माच्या प्रश्नांच्या पूर्ण बाहेर आहे, देव न मानणारा माणूसही तो निर्धास्त स्वीकारू शकतो.

स्वतःचा सिद्धांत, स्वतःचं चर्च, स्वतःचे पोप, तरीही हा माणूस म्हणतो की माझ्या शोधाचा असा वापर करू नका. मला त्यात श्रद्धा आटलेली दिसत नाही. उलट मला वाटतं, ज्याची श्रद्धा खोल असते त्यालाच असं म्हणता येतं. समजा महास्फोट देवाचा पुरावा म्हणून मिरवला आणि उद्या कुणी त्याहून चांगला सिद्धांत आणला, तर देवाने घर बदलायचं?

लमेत्र १९६६ च्या जूनमध्ये वारले. त्याच्या थोडंच आधी, आजारी असताना, त्यांना कळलं होतं की त्या आरंभीच्या उष्णतेचं अवशिष्ट प्रारण अमेरिकेत दोघा संशोधकांना सापडलंय. आणि नारळीकर? ते आयुष्यभर महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेल्यावरही पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून, पुराव्यानिशी, शांतपणे. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, त्या संध्याकाळी मी घरच्या अल्तारासमोर त्यांच्यासाठीही एक मेणबत्ती लावली. ते ईश्वर मानत नव्हते, त्यांना ती मेणबत्ती नकोही असेल. पण माझा देव दुर्बिणीच्या निकालावर टांगलेला नाही हे मला कळण्याची सुरुवात त्यांच्या लेखांनी झाली, आणि ते ऋण मला माझ्याच पद्धतीने मानायचं होतं.

आता जी गोष्ट मला खरोखर जड जाते ती. महास्फोट नव्हे, सहा दिवसांची निर्मितीही नव्हे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. सुरुवात मेंडेलपासून करताना मला बरं वाटतं, ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत वाटाणे मोजणारे तेही फादरच. पण मग डार्विन येतो. दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, "सर, मग आदाम आणि हव्वा?" त्याचं उत्तर देता येतं. उत्पत्तीचं पुस्तक माणूस कुणाचा आणि कशासाठी हे सांगतं, हाडं कोणत्या क्रमाने सापडली ते नाही; आणि उत्क्रांती ही निव्वळ कल्पना नाही, त्याहून अधिक आहे, हे पोप जॉन पॉल यांनीच १९९६ साली म्हटलंय. मात्र डार्विनने अमेरिकेतल्या आपल्या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, एसा ग्रे याला, १८६० साली जे लिहिलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एका जातीची गांधीलमाशी जिवंत सुरवंटात अंडी घालते आणि तिच्या अळ्या त्याला आतून खात वाढतात. कृपाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असं मला मानवत नाही, असं त्याने लिहिलं. त्याआधी नऊ वर्षांपूर्वी त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती.

इथे मी विज्ञानाकडे मदत मागत नाही, बायबलमधली एखादी ओळही पुढे करत नाही. मी क्रुसाकडे बघतो. माझ्या देवाने दुःखाचं स्पष्टीकरण दिलं नाही, तो त्या दुःखात येऊन मेला, एवढंच मला म्हणता येतं. ते सिद्ध करता येत नाही. पुनरुत्थानही प्रयोगशाळेत पडताळता येत नाही, तरी मी ते मानतो. मी ते कशावर मानतो? साक्ष देणाऱ्यांवर, आणि जगून पाहिलेल्या आयुष्यावर. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा एका प्रार्थनासभेतून आलेल्या माणसाने तिला गोळ्या बंद करायला सांगितलं होतं, विश्वास कमी पडतो म्हणून. आई काही बोलली नाही. ती जुन्या बिस्किटांच्या डब्यात रोजरी आणि गोळ्यांची पाकिटं एकत्र ठेवायची. तो गेल्यावर तिने डबा उघडला, रात्रीची गोळी घेतली आणि मग त्याच हाताने रोजरी काढली.

राखेच्या बुधवारी आमच्याकडे गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळाला लावतात. झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेली, अल्ताराच्या चौकटीमागे खोचलेली, वर्षभरात सुकून करकरीत झालेली पाती लोक परत आणून देतात, ती जाळतात. यंदा माझ्या वर्गात तीन-चार मुलं ती राख कपाळावर घेऊनच आली आणि नेमका कार्बनचा धडा होता. मी त्यांना हॉइल यांची गोष्ट सांगितली. ताऱ्यांच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन होतो. पण तो पुरेसा व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकात एक ठरावीक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, असं त्यांनी १९५३ साली आधी सांगितलं आणि मग अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत ती सापडली. पुढे काही जणांनी यालाही देवाचा पुरावा केलं. मी केलं नाही. लमेत्र यांच्या सिद्धांतावर टीका करणाऱ्या माणसानेच आपल्या कपाळावरच्या राखेचा पत्ता शोधून काढला, एवढंच सांगितलं.

मधल्या बाकावरच्या एकाने कपाळाला बोट लावलं आणि ते काळं झालेलं बोट बघत विचारलं, "सर, मग हे किती जुनं?"

"सूर्याच्याही आधीचं," मी म्हटलं.

त्याने ते बोट पुसलं नाही. तसंच हळूच दुमडून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने वहीचं पान उलटलं.