परदेशातून : शेजारच्या वावरात काय चालले आहे

गेल्या दिवाळीत मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. सोयाबीन निघाले होते, कपाशीची पहिली वेचणी सुरू होती, आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बैठक भरली होती. शहरातून आलेले पाहुणे ड्रोन, उपग्रहावरून टिपलेली छायाचित्रे आणि मोबाइलवर मिळणारा सल्ला यांविषयी पाऊण तास बोलले. शेवटी मागच्या सतरंजीवरून एकच प्रश्न आला : "फसलं तं पैसे कोन भरते?" पाहुणे हसले आणि त्यांनी आभार मानून बैठक संपवली. नंतर चहा पिताना ते मला म्हणाले की, शेतकऱ्याची मानसिकता बदलत नाही तोवर काही खरे नाही.

राज्य सरकारने जून 2025 मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद केल्यापासून हा 'मानसिकता' शब्द फार ऐकू येतो. शेतकरी नव्याला बिचकतो, त्याला माहिती नसते, म्हणून त्याचे प्रबोधन करावे, असा त्यामागचा हिशेब असतो. मी गेली चौदा वर्षे अमेरिकेतील आयोवा राज्यात बियाण्यांच्या चाचण्या घेण्याचे काम करतो, म्हणजे शेतकरी नवी वस्तू कशी घेतो किंवा नाकारतो हे पाहणे हाच माझा रोजचा धंदा आहे. मला हा हिशेब चुकीचा वाटतो, आणि त्याचे उत्तर त्या सभागृहापासून दोनशे पावलांवर उभे होते.

आमच्या भागात त्याला झटका मशीन म्हणतात. एक पेटी, तिच्याजवळ हातभर सौर प्लेट, एक बॅटरी, आणि वावराभोवती खुंट्यांवर ताणलेली बारीक तार. रात्री जवळ उभे राहिले की पेटीतून टक्-टक् असा एकसारखा आवाज येत राहतो. तारेला नाक लावणाऱ्या रानडुकराला क्षणभर जोराचा झटका बसतो, पण ते मरत नाही. (खांबावरून आकडा टाकून तारेत थेट वीज सोडण्याचा जो जीवघेणा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो वेगळा आणि गुन्हाच आहे.) माझे मोठेबाबा (थोरले काका) अडुसष्टाव्या वर्षापर्यंत जागलीला जात, माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवीत. आता ते घरी झोपतात. आमच्या गावात या मशीनसाठी कोणी बैठक घेतल्याचे कोणाला आठवत नाही. एकाने ती लावली. रानडुकरांनी काही उपाशी राहायचे ठरवले नाही. ती तार नसलेल्या शेजारच्या वावरात उतरली. मग शेजाऱ्याला ती लावावी लागली, मग त्याच्या शेजाऱ्याला, आणि तीन हंगामांत आमच्या शिवाराची ती बाजू रात्रभर टक्-टक् करू लागली. ज्यांची मानसिकता बदलत नाही असे सांगितले जाते, त्यांनीच ही तार ताणली आहे.

अशी साखळी मी इथेही पाहिली आहे. डायकांबा हे तणनाशक सहन करणारे सोयाबीनचे बियाणे अमेरिकेत 2016 साली बाजारात आले आणि पुढच्या वर्षी त्या पिकावर फवारण्यासाठी डायकांबाचे नवे मिश्रण वापरात आले. फवारा वाऱ्याबरोबर आणि वाफेच्या रूपाने बांध ओलांडून गेला. 2017 मध्ये देशभरात सुमारे 36 लाख एकर सोयाबीनला इजा झाल्याचा अंदाज मिसुरी विद्यापीठातील तज्ज्ञांनी मांडला. त्यानंतर कित्येक शेतकऱ्यांनी ते बियाणे आवडले म्हणून घेतले नाही, तर शेजाऱ्याच्या फवाऱ्यात आपली पाने द्रोणासारखी वळू नयेत म्हणून घेतले. विक्रीच्या आकड्यांत ही खरेदी पसंती म्हणूनच मोजली जाते, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

माणसे नवे का स्वीकारतात याचा पद्धतशीर अभ्यास याच राज्याच्या मातीत झाला, हा योगायोग मला इथे आल्यावर कळला. मक्याचे संकरित बियाणे येथे 1928 च्या सुमारास विक्रीला आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी दोन वसाहतींतील 259 शेतकऱ्यांना गाठून कोणी केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून ते पेरले हे नोंदवले, आणि 1943 साली निष्कर्ष छापले. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण पेरायचे धाडस शेजाऱ्याचे पीक पाहून आले. 1941 पर्यंत दोघे वगळता सगळ्यांनी ते पेरले होते. त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद अशी की, ज्यांनी शेजाऱ्याकडे वर्षानुवर्षे उत्तम पीक पाहिले होते त्यांनीही पहिल्या वर्षी सगळे शेत न लावता थोड्या भागातच बियाणे पेरून पाहिले. याच विषयाला पुढे ज्यांनी शास्त्राचे रूप दिले, ते एव्हरेट रॉजर्स आयोवातील कॅरल गावच्या शेतकऱ्याचे चिरंजीव होते. वडिलांना नवनवीन यंत्रांचा शौक होता, पण संकरित मका ते पेरीत नसत. 1936 च्या दुष्काळात त्यांचा मका वाळून गेला आणि शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला, तेव्हा कुठे ते वळले. तेच घर, तोच माणूस, यंत्राला होकार आणि बियाण्याला नकार. यात कोणती 'मानसिकता' शोधायची?

विदर्भातही हेच आहे. बोंडअळीला तोंड देणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच आमच्याकडे दुसरी कपाशी शोधून सापडेना. पुढे तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या वाणाचे बियाणे चोरवाटेने आले. लोकांनी त्याचे नावच 'चोर बीटी' ठेवले. त्याचे बिल नाही, उगवले नाही तर दाद मागायला जागा नाही, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. तरीही जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने जाहीर कार्यक्रम करून ते पेरले. त्या बियाण्याच्या गुणदोषांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. परंतु निंदणाला बाई मिळत नाही आणि मिळाली तरी मजुरी परवडत नाही, या रोजच्या अडचणीपुढे तुरुंगाची भीतीही लहान ठरली, हे मान्य करावेच लागेल.

मग इथल्या आणि आमच्याकडच्या शेतकऱ्यात फरक कुठे आहे? सतरंजीवरून आलेल्या त्या प्रश्नात आहे. आयोवातील शेतकरी माझ्या कंपनीचे नवे वाण आठ ओळींत पेरून पाहतो, तेव्हा उरलेल्या शेताचा विमा उतरवलेला असतो आणि त्याच्या हप्त्यातील सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास भार सरकार उचलते. त्याचा प्रयोग फसला तर त्याला हळहळ वाटते, पण सावकार दारात येत नाही. आमच्याकडे 2023 मध्ये आलेली एक रुपयातील पीकविमा योजना 2025 च्या खरिपापासून बंद झाली, आणि ओढे-नाले फुगून एखाद्याच्याच वावराचे नुकसान झाल्यास मिळणाऱ्या भरपाईची तरतूदही गेली. त्या खरिपात भरपाई मुख्यतः पीककापणी प्रयोगात सगळ्या महसूल मंडळाचे उत्पन्न किती भरते यावर अवलंबून राहिली. योजनेत गैरप्रकार झाले होते, हे खरे. पण ज्या वर्षी प्रयोगातील धोक्याचा आधार काढून घेतला, त्याच वर्षी प्रयोग करीत नाही म्हणून शेतकऱ्याला बोल लावायचा, हे मला समजत नाही. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाव एकरही 'पाहू या' म्हणून सोडणे जड जाते, कारण पेरणीचे पैसे उसने असतात आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो.

याचा अर्थ जे आपोआप पसरते ते चांगले आणि जे पसरत नाही ते निरुपयोगी, असा मात्र नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवेत दमटपणा होता, आणि लोक दोन-तीन औषधे एकत्र करून अंगावर येईल अशा उंचीवर फवारीत होते. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा असे संच वाटले गेले. आमच्या गोठ्यातील खुंटीला तो संच अजून टांगलेला आहे. हातमोज्यात कुंभारीण माशीने घर केले आहे. भर उन्हात तो घातला तर जीव गुदमरतो, आणि घातल्याचा फायदा कधी डोळ्यांना दिसत नाही, कारण फायदा म्हणजे काहीच न घडणे. झटका मशीन लावल्यावर दुसऱ्या सकाळी पीक उभे दिसते. जे टळले ते दिसत नाही, आणि म्हणून इथे मात्र सांगणे, दाखवणे, मागे लागणे या सगळ्याची गरज असते. प्रबोधनाची हौस असेल त्यांनी ती या संचासाठी खर्च करावी.

उलट ई-पीक पाहणीसारखे अ‍ॅप, जे न वापरल्यास सातबाऱ्यावर पीकच चढत नाही, किंवा कापूस सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर हमीभावाने विकण्यासाठी 2025 च्या हंगामात सक्तीचे झालेले कपास किसान अ‍ॅप, यांच्या नोंदणीचे आकडे दाखवून शेतकरी डिजिटल झाला असे म्हणणे हा निव्वळ कागदी आनंद आहे. मोठेबाबांच्या मोबाइलवर दोन्ही अ‍ॅप आहेत. ती पुतण्या उघडतो. आणि अमेरिकेतील शेतकरी सगळे नवे डोळे मिटून घेतो, या समजुतीतही फारसे तथ्य नाही. माझ्या ओळखीचा एक शेतकरी चाळीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर जपून आहे, कारण तो त्याला स्वतः उघडता येतो. यंत्रातील सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळावा म्हणून कोलोराडो राज्याने 2023 मध्ये कायदाच केला. तेथे त्याला कोणी मागासलेली मानसिकता म्हटल्याचे मी ऐकले नाही.

इथे ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या शेतांत आमच्या वाणांच्या नावांचे फलक ओळीने उभे असतात. शेतकरी पिकअप थांबवतात, कणीस सोलून पाहतात, आणि ज्याचे पीक वाईट आले आहे तोही मोकळेपणाने दाखवतो. मोठेबाबांनी येत्या खरिपात कपाशीची सघन लागवड करून पाहायचे ठरवले आहे, फक्त सहा तासं, म्हणजे सहा ओळी. रस्त्याच्या बाजूने लावा, लोकांनाही दिसेल, असे मी फोनवर सुचवले.

"नाही बाप्पा," ते म्हणाले, "इहिरीकडच्या अंगानं, बाभयीच्या आड लावतो. फसलं तं लोकायले दिसू नये."

शेजारच्या वावरवाल्याने मात्र त्यांना आताच विचारले आहे की, बाभळीमागची जागा एवढी साफ कशासाठी चालली आहे.