पार्टटाइममधून फी निघते ना?

रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावला की मागून काका डोकावणार आणि विचारणार, "काय मग, पार्टटाइममधून फी निघते ना?"

नाही हो काका, नाही निघत! इथे कॅनडात परदेशी विद्यार्थ्याला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासांच्या वर काम करता येत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून नियमच आहे तसा. आमच्या ओंटारियो प्रांतात किमान वेतन तासाला १७.६० डॉलर. म्हणजे सगळे तास मिळाले तरी आठवड्याचे ४२२ डॉलर, तेही कर कापायच्या आधी. आणि सगळे तास देतंय कोण? कॉफीच्या दुकानातल्या एका जागेसाठी इथे झुंबड उडते. पदवीची फी मात्र कॅनडाच्या मुलांना वर्षाला सरासरी ७,००० डॉलरच्या आसपास आणि आम्हाला ४०,०००. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, बाहेरचा बर्फही तोच.

पण काकांचं गणित आधीच झालेलं असतं. "तासाला हजाराच्या वर रुपये! मजा आहे लेका." पगाराला रुपयांनी गुणायचं, भाड्याला नाही! आणि ते शिक्षणाच्या परमिटसाठी, राहण्याच्या खर्चाचे म्हणून बँकेत भरलेले २२,८९५ डॉलर? "ते तर तुझेच ना, परत मिळतात." मिळतात ना, हप्त्याहप्त्याने. एक तारखेला घरमालक घेऊन जातो. शिवाय खोली घेतानाच शेवटच्या महिन्याचं भाडंही आगाऊ मोजलेलं असतं.

आता काकांचा धाकटा पुढच्या वर्षी येतोय म्हणे. रविवारी त्यालाच लावा फोन.