‘लिंक टाका आणि झोपा’ म्हणे! अफिलिएटच्या त्या मेसेजचा हिशोब

सध्या नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, परवा तर द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर पण पडला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: घरबसल्या अफिलिएट वेबसाईट काढा, खर्च शून्य, लेख एआय लिहितं रोज दहा, ट्रॅफिक (म्हणजे साईटवर येणारे वाचक) गूगल फुकट देतं, कुंभ येतोय म्हणून आत्ताच साईट टाका, पहिल्याच महिन्यात ५० हजार, मग झोपेत पण पैसे चालू, टॅक्सचं टेन्शन नाही, आणि सगळ्यात शेवटी रविवारी ९९ रुपयांत सेमिनार, सीट्स लिमिटेड.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो म्हणजे कोणी अंगावर येणार नाही. अफिलिएट हा धंदा खोटा नाहीये. तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल लिहिता, खाली तुमची लिंक देता, वाचणाऱ्याने त्या लिंकवरून जाऊन ती वस्तू घेतली की दुकानवाला तुम्हाला कमिशन देतो, एवढंच. ॲमेझॉनचा हा प्रोग्राम १९९६ पासून चालू आहे आणि त्यावर घर चालवणारे लोक आहेत. माझं भांडण धंद्याशी नाही, त्या मेसेजशी आहे, कारण त्यात सगळं सांगितलंय पण वाचणारा माणूस तुमच्याकडे का येईल हे एका शब्दाने सांगितलेलं नाही.

‘पहिल्याच महिन्यात ५० हजार’

कागद-पेन घ्या. समजा तुम्ही दीड हजाराच्या वस्तूवर लिहिलं आणि कमिशन ५ टक्के धरलं (कॅटेगरीप्रमाणे बदलतं, मोबाईलवर तर फारच कमी मिळतं), तर एका विक्रीमागे ७५ रुपये. ५० हजारासाठी झाल्या साधारण ६६७ विक्री. लिंकवर टिचकी मारणाऱ्या शंभरातले तिघं विकत घेतात असं धरू, हे मी मेसेजवाल्याच्या बाजूने धरतोय, तरी टिचक्या लागल्या बावीस हजारांच्या वर. आणि लेख वाचणाऱ्या दहातला एक जण लिंक दाबतो असं धरलं तर वाचक लागले सव्वादोन लाखाच्या आसपास. महिन्यात. काल जन्मलेल्या साईटवर. जिचं नाव तुमच्या घरच्यांनाही नीट पाठ नाही.

त्यात परत वस्तू रिटर्न झाली की कमिशन उडालं. आणि गिऱ्हाईकाने लिंक दाबली पण ‘बघू पगार झाल्यावर’ म्हणून सोडून दिलं तर? ॲमेझॉनवर २४ तासांची खिडकी असते, तेवढ्यात कार्टमध्ये टाकलं तर ठीक, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्याने तीच वस्तू थेट जाऊन घेतली तर तुम्हाला शून्य. यावर मेसेजवाल्यांचं उत्तर तयार असतं की सुरुवातीला स्वतःच्याच लिंकवरून खरेदी करा. अहो, स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी धरतच नाहीत, उलट अकाउंट जातं.

‘खर्च शून्य’

हे अर्धं खरं आहे. गूगलच्या ब्लॉगरवर खरंच फुकटात चालू करता येतं आणि नुसतं शिकायला ते वाईट पण नाही. पण स्वतःचं नाव पाहिजे तर डोमेन, म्हणजे साईटचा स्वतःचा पत्ता, आलं, वर्षाला साधारण सात-आठशे ते हजार-बाराशे, आणि वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकायचं तर होस्टिंग आलं. वर्डप्रेस सॉफ्टवेअर फुकट आहे, ते ठेवायला जागा फुकट नाही, यात नव्या पोरांचा जाम गोंधळ होतो. होस्टिंगच्या जाहिरातीत जो महिन्याचा स्वस्त रेट दिसतो तो बऱ्याचदा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर असतो आणि रिन्यूअलला तोच आकडा भलताच वाढतो, म्हणून घेताना रिन्यूअलचा रेट आधी बघायचा. बाकी थीम, प्लगइन, लोगो यावर पहिल्या वर्षी एक रुपया घालू नका, फुकटवाल्यांनी काम भागतं.

‘एआय रोज दहा लेख लिहितं, गूगल ट्रॅफिक देतं’

इथे जरा थांबू, कारण खरी ग्यानबाची मेख इथे आहे.

गूगलला एआयने लिहिलेलं चालत नाही असं नाही, ते त्यांनीच २०२३ मध्ये सांगितलंय. पण मार्च २०२४ ला त्यांनी स्पॅमचे नियम कडक केले, त्यात ढिगाने पानं पाडून सर्चमध्ये वर यायचा प्रयत्न करणं हेच नियमात बसत नाही असं लिहिलं, मग ती पानं माणसाने लिहिलेली असोत नाहीतर मशीनने. दुकानाच्या पानावरची माहिती उचलून खाली लिंक चिकटवलेली पातळ अफिलिएट पानं तर त्यांच्या स्पॅमच्या यादीत आधीपासूनच आहेत. म्हणजे रोज दहा लेख हा मेसेजमधला सल्ला म्हणजे सरळ जाऊन त्या यादीत नाव लिहून येणं आहे. त्यात आता सर्च केलं की बऱ्याचदा वरतीच एआयचं तयार उत्तर येतं, ऑगस्ट २०२४ पासून भारतात पण, त्यामुळे ‘मिक्सर कसा निवडावा’ टाईप जनरल लेखावर टिचकी मारायची लोकांना गरजच राहिलेली नाही.

मग लिहायचं काय? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्ष काढणीच्या आधी साखर बघायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, मण्याचा रस काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, वाचायचा. हाताने धरायचं साधं यंत्र ऑनलाईन हजार-दीड हजारात मिळतं. आता एआयला विचारलं तर ते सांगेल की डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून आधी शून्यावर आणा, तापमानाची भरपाई आपोआप होते असं मॉडेल घ्या, वगैरे. सगळं बरोबरच आहे. पण स्वस्त यंत्रांवर ही भरपाई साधारण १० ते ३० अंशांच्या मधेच चालते, आणि निफाडला जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो हे तिथे राहणाऱ्याला कोणी सांगायला लागत नाही. मग पहाटे प्लॉटमध्ये उभं राहून घेतलेलं रीडिंग आणि ऊन वर आल्यावर घेतलेलं रीडिंग यात फरक पडू शकतो, आणि एकाच घडाच्या वरच्या मण्याची गोडी शेंड्याच्या मण्यासारखी नसते ते वेगळंच, म्हणून चार-सहा घडांतले वरचे-खालचे मणी घेऊन रस काढायचा. हे ज्याने स्वतःच्या बागेत करून, दोन-तीन यंत्रं शेजारी ठेवून, रीडिंगचे फोटो काढून मराठीत लिहिलं, त्याच्या लेखाला दम आहे. कारण वाचणारा आधीच घ्यायच्या विचारात आहे, त्याला फक्त कुठलं घ्यायचं ते कळत नाहीये. असा एक लेख त्या रोजच्या दहा लेखांपेक्षा जास्त कामाचा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि गूगल पण रिव्ह्यूमध्ये हेच मागतं, वस्तू हातात घेतल्याचा पुरावा, स्वतःचे फोटो, स्वतः मोजलेलं काहीतरी.

द्राक्षंच पाहिजेत असं थोडंच आहे. सातपूर-अंबडला वर्कशॉपमध्ये ज्याचा दिवस जातो त्याने मापाच्या अवजारांवर लिहावं, व्हर्नियर कुठला टिकतो हे त्याला माहिती असतं. ज्या बाईंच्या घरी पापडाची ऑर्डर चालते त्यांना कुठला वजनकाटा खरं वजन दाखवतो ते माहिती असतं. हरिहर-अंजनेरी दर पावसाळ्यात चढणाऱ्या पोराला कुठला बूट ओल्या दगडावर घसरतो ते माहिती असतं. मेसेज मात्र सगळ्यांना एकच सांगतो, ‘हाय टिकट निश घ्या, क्रेडिट कार्ड, लॅपटॉप, इन्शुरन्स’, म्हणजे महागड्या वस्तूंचे विषय. जिथे मोठमोठ्या कंपन्यांच्या टीमा बसल्यात तिथे तुम्ही पंचवटीतून एकटे जाऊन उभे राहणार. राहा.

मराठीत लिहून पैसे मिळत नाहीत असं पण त्या मेसेजखाली एकाने टाकलं होतं. मराठीत वाचक कमी, हे खरंय, आणि शोधताना लोक बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करतात हे पण खरंय. पण समोर स्पर्धा पण तेवढीच कमी आहे. शेतीच्या, घरगुती कामाच्या वस्तूंवर मी तरी मराठीतच लिहा म्हणेन, लॅपटॉपवर लिहायचं असेल तर मग तुमचं तुम्ही बघा.

‘कुंभ येतोय, साईट टाका, पैसे छापा’

हा खास नाशिकसाठी जोडलेला मसाला. २०१५ नंतर आता २०२७ चा सिंहस्थ, २ ऑगस्टला पहिलं अमृतस्नान, लाखो लोक सर्च करणार, मान्य. पण काय सर्च करणार ते बघा की. गाडी कुठे लावायची, बस कुठून सुटते, रामकुंडावर जायचं की त्र्यंबकला. यातल्या एकाही उत्तरावर कमिशन नाही. माहिती शोधणारा वेगळा आणि खिशात हात घालायला तयार असलेला वेगळा, हा फरक ज्याला कळला त्याला अर्धं अफिलिएट कळलं. राहिलं हॉटेल बुकिंग, तर तिथे आधीच बुकिंगवाल्या बड्या कंपन्या स्वतः वर बसल्यात, आणि हॉटेलचं कमिशन बहुतेक ठिकाणी माणूस राहून गेल्यावरच जमा होतं, कॅन्सल केलं की गेलं. पर्वण्या संपल्या की त्या साईटचं काय करणार, पुढच्या सिंहस्थाची वाट बघत बसणार का बारा वर्षं?

आणि इथे तरी कृपा करून मशीनच्या भरवशावर राहू नका. वैष्णव आखाड्यांचं स्नान नाशिकला रामकुंडावर, शैवांचं त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर, मधे तीसेक किलोमीटर अंतर. हे ज्या लेखात उलटंसुलटं झालं त्याच्यामुळे बाहेरगावचा माणूस म्हातारी आई घेऊन गर्दीत भलत्याच टोकाला जाऊन उभा राहील. दोन पैशाच्या लिंकसाठी हे पाप नको.

‘मग झोपेत पण पैसे’

वस्तू बंद होते, लिंक मरते, कंपनी नवीन मॉडेल आणते, तुम्ही लिहिलेली किंमत महिन्यात बदलते (ॲमेझॉनवाले तर हाताने टाईप केलेली किंमत पानावर ठेवूच देत नाहीत). गूगलचं अपडेट आलं की वर्षाची मेहनत एका रात्रीत खाली जाऊ शकते. झोप लागली तर लागली.

‘टॅक्सचं टेन्शन नाही’

कमिशन हे उत्पन्न आहे, रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, पॅन नंबर दिल्याशिवाय पैसेच मिळत नाहीत. एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांच्या वर कमिशन गेलं की २ टक्के टीडीएस कापला जातो, तो तुमच्या पॅनवर दिसतो, म्हणजे लपवायचा विषयच नाही. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी २० लाखांच्या उलाढालीनंतर, तिथपर्यंत पोचलात तर सीए कडे जा आणि मला पण चहा पाजा.

टॅक्सपेक्षा दुसरी गोष्ट मेसेजमध्ये पूर्ण गाळलीये. लिंकवरून तुम्हाला पैसे मिळतात हे वाचणाऱ्याला सांगावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने यावर सूचना काढल्यात, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केलं तर ५० लाखांपर्यंत. लेखाच्या वरतीच, मराठी लेख असेल तर मराठीत, एक ओळ टाका, ‘या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत’. लोक पळून जात नाहीत त्याने. उलट न वापरलेली वस्तू वापरली म्हणून सांगणं बंद करा, त्याने जातात.

‘रविवारी सेमिनार ९९ रुपये’

९९ मध्ये हॉलचं भाडं पण निघत नाही. तिथे शेवटच्या अर्ध्या तासात पंधरा-वीस हजाराचा कोर्स येतो, ‘आजच भरलं तर’ वाली ऑफर येते, आणि मग खरी गंमत, की हा कोर्स तुम्ही दुसऱ्याला विकलात तर त्याचं तगडं कमिशन तुम्हाला. म्हणजे ज्या ५० हजारांचे स्क्रीनशॉट दाखवतात ते बऱ्याचदा मिक्सर विकून आलेले नसतात, तुमच्यासारख्याच दुसऱ्याला हाच कोर्स विकून आलेले असतात. नवीन माणूस जोडला तरच पैसा फिरतो अशी रचना असेल तर पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत पिरॅमिडला मनाई आहे, तुमचं यात बसतं का हे सेमिनारवाल्यांना जाऊन शांतपणे विचारा आणि चेहरा बघा. स्क्रीनशॉटवर तर जाऊच नका, ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचा आकडा दोन मिनिटांत बदलता येतो. त्यांना म्हणा तुमच्या स्वतःच्या साईटचं नाव सांगा, आणि त्या साईटचं सर्च कन्सोल (गूगल सर्चवरून किती लोक येतात ते दाखवणारं गूगलचं पान) इथे आमच्यासमोर उघडून रिफ्रेश करून दाखवा. कोर्सची साईट नको, वस्तू विकणारी साईट.

ज्यांना तरीपण करायचंय, आणि करावं असंच मी म्हणेन, त्यांनी अफिलिएट अकाउंट पहिल्या दिवशी उघडू नका. ॲमेझॉनवर अकाउंट उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर ते बंद करतात, आणि नव्या साईटचे पहिले महिने तर नुसते गूगलच्या नजरेत यायला जातात. आधी डोमेन घ्या, सर्च कन्सोल जोडा, ते फुकट आहे, हाताखालच्या वस्तूंवर दहा-पंधरा नीट लेख लिहा, लोक कुठला शब्द टाकून येतायत ते तिथे दिसायला लागलं की मग अर्ज करा आणि ज्या लेखावर माणसं येतायत त्यातच लिंका टाका.