पात्रात जीव गुंतला म्हणजे पोर वाया गेलं?

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) आणि गेममधल्या पात्रांवर जीव टाकणं हा मोबाइलने आणलेला नवा आजार आहे, तो एकलकोंड्या पोरांनाच होतो, त्यांना खरं-खोटं कळेनासं होतं, तेव्हा मोबाइल काढून घ्या, आठ दिवसांत उतरेल.

नवा आजार? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या सांगलीने तरी असं म्हणू नये. पुढे बालगंधर्वांच्या नायिकांचं नेसणं, दागिने घराघरांतल्या बायकांनी उचलले. तिकडे इंग्लंडात कॉनन डॉयलनी १८९३ मध्ये आपल्या कथांतल्या शेरलॉक होम्सला मारलं, तेव्हा वाचक खवळले. १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणावं लागलं. या एकतर्फी नात्याला हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच नाव दिलं, तेही रेडिओ-टीव्हीकडे बघून.

मोबाइलने बदलली ती मात्रा. पूर्वी मालिकेचा भाग संपला की उद्यापर्यंत थांबावं लागे. आता कुणी चाहता पात्राच्या चार नजरा कापतो, मागे गाणं टाकतो, वीस सेकंदांची रील करतो. ती तुम्ही दोनदा शेवटपर्यंत पाहिली की फीड तसल्याच रील पुढे करतं. मूळ मालिका एकदाच पाहिलेली असते, तिच्यातले तीनच प्रसंग मात्र शेकडो वेळा. त्यामुळे पात्राचा हेकटपणा, खोटेपणा गळून जातो आणि डोक्यात उरतं ते वेगळंच, गोडवलेलं पात्र. नवा सीझन आला की ‘तो असं वागूच शकत नाही’ म्हणून जी भांडणं पेटतात, ती इथून येतात.

एकलकोंडी म्हणावं, तर हा उद्योग चारचौघांतच चालतो. एक चित्र काढतो, दुसरी सबटायटल लावते, तिसरा पात्राच्या वाढदिवसाचं पोस्टर करतो. एकटी पडलेली पोरंही त्यात असतात; पण ती आधी एकटी पडलेली असतात, हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलं नाही.

खरं-खोटं कळत नाही हे तर उलटच. कथेचा शेवट बदलून स्वतः लिहिणाऱ्या पोरीला पात्र रचलेलं असतं हे पक्कं माहीत असतं. निळू फुल्यांना बघून बिचकणाऱ्या बायका आधीच्या पिढीतल्या होत्या, आणि फुले तर सेवादलातले सज्जन!

मेसेजमध्ये जे नाही, तिथे खरी काळजी आहे. एक, पैसा. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारख्या गेममध्ये आवडतं पात्र सोडतीतून मिळतं. ९० ओढींत (ओढ म्हणजे सोडतीचा एक डाव) पंचतारांकित, म्हणजे वरच्या दर्जाचं, पात्र नक्की, पण ते हवं तेच असेल असं नाही. नशीब फिरलं तर १८० ओढी. ‘आता थोड्याच राहिल्या’ म्हणत पोर रिचार्ज करत जातं. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर दाबा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, मग ‘बजेट अँड हिस्टरी’: खर्च दिसेल, महिन्याची मर्यादाही तिथेच लिहिता येते. ती मर्यादा फक्त आठवण करते, खरेदी अडवत नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा.

दोन, पात्र बनून गप्पा मारणारा चॅटबॉट. होम्स कधी वाचकाशी बोलत नव्हता. हा बोलतो, रात्री दोनलाही, आणि सहसा तुमच्याच मनासारखं. ‘कॅरेक्टर एआय’ या अशाच ॲपने २०२५ च्या अखेरीस अठराखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या, पण वय खोटं टाकता येतं आणि दुसरी ॲप आहेतच.

फोन हिसकावला तर पोर मित्राच्या फोनवर दुसरं खातं उघडतं, आणि रीलवाली मंडळी, म्हणजे त्याचे खरे दोस्त, तेवढे तुटतात. त्यापेक्षा त्याला ते पात्र का आवडतं ते विचारा. उत्तर भरभरून आलं तर ऐका. झोप उडाली असेल, पैसे लपवले जात असतील, किंवा घरात कुणाशी न बोललेलं बॉटशी बोललं जात असेल, तर समुपदेशकाकडे न्या, आणि नेताना पात्राची टिंगल करू नका; पोर तिथे तोंड उघडणार नाही.