साठ रुग्ण पाहिजेत

एम.एस्सी. नर्सिंगच्या वर्गात पहिल्या वर्षापासून प्रबंधाबद्दल एकच प्रश्न फिरत असतो: "टॉपिक ठरला का?" सूर अगदी 'लग्न ठरलं का'चा, आणि उत्तरही तेच: "बघणं चालू आहे."

स्थळं दाखवायचं काम ग्रंथालयाचं. कपाटभर जुने प्रबंध, जाड बायंडिंग, सोनेरी अक्षरं, आणि पुठ्ठ्यापुठ्ठ्यावर तेच शीर्षक: 'अमुक शहरातील निवडक रुग्णालयांतील रुग्णांच्या तमुकविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता अभ्यासणे.' तमुकच्या जागी कधी मधुमेह, कधी स्तनपान. यातल्या 'निवडक' या शब्दाला माझा नमस्कार. वाचणाऱ्याला वाटतं, आपण चोखंदळपणे रुग्णालय निवडलं. खरं म्हणजे चार ठिकाणी अर्ज टाकल्यावर जिथल्या मेट्रनने सही दिली, ते निवडक.

गाईड मॅडम म्हणतात, "काहीतरी नवीन आणा." नवीन नेलं की, "याचे रेफरन्स कुठायत?" भरपूर रेफरन्स सापडले तर विषय जुना आणि सापडले नाहीत तर सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, रिकामा.

शिक्षण कार्यक्रम सगळ्यांचा लाडका, कारण तो सहसा दगा देत नाही. ३० बहुपर्यायी प्रश्न, मग ४५ मिनिटं तक्ते दाखवून शिकवणं, सातव्या दिवशी पुन्हा तेच ३० प्रश्न. गुण वाढतात, आधीच्या-नंतरच्या गुणांची तुलना करणारी पेअर्ड टी-टेस्ट लागते, पी ०.०५च्या खाली, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणायला मोकळे. कंट्रोल ग्रुप, म्हणजे न शिकवलेला तुलनेचा गट, नसल्यामुळे गुण आपल्या तक्त्यांनी वाढले की आजोबांच्या नातवाने मोबाईलवर उत्तरं शोधून दिली, हे मात्र कळत नाही.

ज्ञान नको, वर्तन मोजू म्हटलं तर हात धुण्याचा विषय समोर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच क्षण ठरवून दिलेत, सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद. पण आपण वही घेऊन उभे राहिलो की अख्खा वॉर्ड कोपरापर्यंत हात धुतो, आणि आपण चहाला गेलो की बाटलीलाही विश्रांती.

मग उरतं ते इंटरव्हेन्शन, म्हणजे रुग्णावर एखादा उपाय करून परिणाम मोजणं. डायलिसिसचंच घ्या. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत, जाड सुया टोचण्याआधी दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात दहा मिनिटं बर्फ चोळायचा आणि वेदना ० ते १०च्या पट्टीवर विचारायची. विषय झकास. आता डोकी मोजू. समजा ८ मशिन, दोन पाळ्या, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे ९६ जागा. हरखू नका, तोच माणूस आठवड्यातून दोनदा येतो, म्हणजे माणसं ४८. त्यातल्या १६ जणांना अजून मानेतलं कॅथेटर, फिस्टुलाच नाही. उरले ३२. मधुमेहाने हाताची संवेदना कमी झालेले ६ गेले, राहिले २६. चौघं संमतीपत्रक पाहून म्हणतात, "मुलाला विचारून सांगतो." २२. पायलटसाठी, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीसाठी, लागणाऱ्या साठांचे १० टक्के, म्हणजे ६ जण, ते मुख्य अभ्यासात चालत नाहीत. हातात १६, पाहिजेत ६०.

यावर एक तोड आहे. एकाच रुग्णाला एका खेपेला बर्फासह आणि दुसऱ्या खेपेला बर्फाशिवाय टोचायचं, क्रम चिठ्ठी काढून. म्हणजे तोच स्वतःचा कंट्रोल, आणि निम्म्याहून कमी माणसांत भागतं. पण बर्फ लपवता येत नाही. काकू वेदना किती ते सांगायच्या आधी आपलं तोंड बघतात आणि म्हणतात, "सिस्टर, एवढं चोळलंत, दोन कमी लिहा." तिकडे टेक्निशियन घड्याळ दाखवतो: आठ मशिनना दहा-दहा मिनिटं बर्फ म्हणजे त्याची दुसरी पाळी कोलमडली.

मॅडम आकडे बघतात, चष्मा काढतात. "बर्फाचं राहू द्या. फिस्टुलाच्या काळजीविषयी ज्ञान घ्या." त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, त्यातून रक्त काढायचं नाही, रोज थरथर तपासायची, ३० प्रश्न सहज निघतात. कॅथेटरवालेही आता चालतात, त्यांचा फिस्टुला कधीतरी व्हायचाच आहे. संवेदना गेलेलेही चालतात. मुलाला विचारणारे चौघं, नुसते प्रश्न आहेत म्हटल्यावर, तिथल्या तिथे सही करतात. पायलटचे ६ वगळून ४२. कमी पडणारे १८ दुसऱ्या रुग्णालयातून आणायचे, म्हणून शीर्षकात 'रुग्णालयांतील'. आणि अर्थातच, 'निवडक'.